आठवा रकाना

जातं हे काही बसायचं आसन नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही सरकारी नोकरीत सव्वीस वर्षं इमानेइतबारे घालवलेला मी, विश्वंभर, एका शुक्रवारी भर दुपारी कनेरगाव नाक्यावर दीड तास जात्यावर बसून होतो, आणि येणारे-जाणारे गाडीवान बैल थांबवून मला बघून जात होते. एकाने तर "मुन्शीजी, दळण घेता काय?" असंही विचारलं. तालुक्यात या प्रकरणाची जी हकीगत पसरली आहे ती निराळी आहे. तिच्यात माझ्या कपाळाला मुंडावळ्या आहेत. मुंडावळ्या नव्हत्या. फक्त हळद होती, आणि तीही मला नव्हे, जात्याला लावलेली होती. तेव्हा खरं काय झालं ते एकदा लिहून ठेवलेलं बरं.

सुरुवात नानांनी केली. नाना आमच्या शेजारचे, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. लढाईचे दिवस होते. त्यांच्याकडे पुण्याचं वर्तमानपत्र आठ-दहा दिवसांनी शिळं होऊन यायचं आणि ते नाना ओसरीवर बसून ताज्या आवाजात वाचायचे. एके दिवशी जपानचा पुरता समाचार घेऊन झाल्यावर ते खालच्या कोपऱ्यातल्या एका विनंतीपाशी थांबले. पुण्यातल्या कुठल्याशा मंडळाने म्हटलं होतं की गावोगाव पिठाच्या गिरण्या येत आहेत, जाती बंद पडत आहेत आणि त्यांच्याबरोबर बायकांच्या ओव्याही चालल्या आहेत. देशाचा हा ठेवा वाचवण्यासाठी खेड्यापाड्यांतून फिरून ओव्या उतरवून घेणारे स्वयंसेवक हवेत. मोबदला मिळणार नाही.

"विश्वंभरराव, हे काम तुमचंच," नाना म्हणाले. "तुम्हाला उतरवण्याशिवाय दुसरं येतंच काय?"

यात अपमान होता, पण खोटं काही नव्हतं. मी हिंगोलीच्या तहसील कचेरीत नक्कलनवीस आहे. कचेरीत येणाऱ्या प्रत्येक अर्जीची हुबेहूब नक्कल करायची, हे आमचं काम. अर्जी कुणाची, खरी की खोटी, याच्याशी आमचा संबंध नाही. समोरच्या कागदावर माशी मेलेली असेल तर ती तेवढी सोडायची, बाकी सगळं उतरवायचं. 'अर्जी मुदतीनंतर पोहोचली, सबब दाखल करता येत नाही' हा साहेबांचा शेरा तर मी इतक्या वेळा उतरवला आहे की झोपेत हात हलला तरी तोच निघेल, असं अनुसूया म्हणायची. अनुसूया माझी बायको. दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. मूलबाळ नाही. दोन खोल्या, तिचं जातं आणि मी, एवढे मागे राहिलो.

मंडळाला मी पत्र लिहिलं त्यात देशाचा ठेवा, आपलं कर्तव्य वगैरे सगळं घातलं. खरं कारण त्यात नव्हतं. अनुसूया पहाटे दळायची आणि समोर मंजुळाबाई बसायची. मंजुळाबाई मागच्या गल्लीत राहायची, तिचा नवरा स्टेशनावर हमाल होता. एका खुंट्याला दोघींचे हात, असं त्या अठरा वर्षं दळत होत्या आणि गात होत्या. आणि मी शेजारच्या खोलीत डोक्यावरून पांघरूण ओढून झोपायची खटपट करत होतो. एकदा मी आतून ओरडलो, "जरा हळू दळा, माणसाला झोपू द्या." त्या दिवशी आवाज खाली आला तो पुढे कायमचा खालीच राहिला. त्या साऱ्या गाण्यातले माझ्या कानात तीन शब्द उरले आहेत: 'माझा कंथ दौतीवाला'. दौतीवाला नवरा म्हणजे मीच, यात शंका नाही. पण त्या दौतीवाल्याविषयी ती पुढे काय म्हणत होती, ते मला माहीत नाही. ती गेल्यापासून ते तीन शब्द मला रोज पहाटे जागं करतात. घरात आता अगदी शांत असतं, झोपायला काहीच अडचण नाही, आणि मी आढ्याकडे बघत पडून असतो.

सांगू शकेल अशी एकच बाई उरली होती, ती मंजुळाबाई. नवरा वारल्यावर ती कनेरगावला मुलाकडे, ग्यानबाकडे, राहायला गेली होती. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाने एका बाईच्या दारात जाऊन 'माझी बायको माझ्याबद्दल काय म्हणायची हो?' असं विचारायचं कसं? त्यापेक्षा देशाचा ठेवा वाचवायला निघणं सोपं होतं. वाटेतल्या गावांतून ओव्या घेत घेत सहज कनेरगावला पोहोचायचं, असा माझा बेत होता.

मंडळाकडून छापील नमुना आला. त्यात सात रकाने होते: क्रमांक, गाव, गाणारीचं नाव, वय, ओवी, ओवीचा विषय आणि ओवी कोणाकडून शिकली. मला तो अपुरा वाटला. सव्वीस वर्षं सरकारी कागद हाताखालून गेलेल्या माणसाला सातच रकाने म्हणजे भाताबरोबर वरण नसल्यासारखं वाटतं. ओवी दळताना म्हणतात, मग दळणाची नोंद नको? मी पट्टी घेऊन उजवीकडे सुबक रेघ मारली आणि आठवा रकाना काढला: 'दळण. धान्य कोणते, रोज किती.' नानांनी चष्मा लावून पाहिलं आणि "आता कसं भरदार दिसून राहिलं," म्हणाले. आयुष्यात मी नक्कल सोडून स्वतःच्या मनाने कागदावर घातलेली ही एकच गोष्ट. पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

पहिला प्रयोग नानांच्याच घरी केला. त्यांच्या पत्नी गंगूताई तांदूळ निवडत होत्या. मी पेन्सिल ओली करून म्हटलं, "वहिनी, म्हणा एखादी ओवी."

"अशी कशी म्हणू? भाजी मागितल्यासारखी मागून राहिले तुम्ही."

"आठवेल ती म्हणा."

गंगूताईंनी डोळे मिटले, उघडले, हात हवेत गोल फिरवून बघितला. "नाही येत हो. खुंटा हातात असला की ती आपोआप येते. आता गिरणीत दळण टाकते, तर त्या इंजिनाच्या टुकटुकीत माणूस स्वतःचं नावसुद्धा विसरतं." मग तांदळातला एक खडा उचलून त्या म्हणाल्या, "ओव्यांपेक्षा तुम्ही दुसरं लग्न का नाही करत?" ओवी क्रमांक एकची जागा मी पुढच्या गावासाठी राखून ठेवली.

आमचा मुलूख मोगलाई, म्हणून कचेरीला शुक्रवारची सुट्टी. तीन शुक्रवारी मी कनेरगावच्या वाटेवरची तीन गावं केली. भल्या सकाळी पोहोचायचं, जात्याचा आवाज येईल त्या दारात अंगणातच बसायचं आणि उतरवायचं. पहिल्या गावातल्या भिकाबाईने तर मला बघून तोंडावर पदर घेतला आणि पदराआडून अकरा ओव्या म्हटल्या. शेवटी मी आठव्या रकान्यासाठी नम्रपणे विचारायचो, "ज्वारी की बाजरी? रोज किती? घरात खाणारी माणसं किती?" हा शेवटचा प्रश्न नमुन्यात नव्हता. तो माझ्या तोंडून आपसूकच जायचा. सेहेचाळीस ओव्या झाल्या. अक्षर इतकं देखणं आलं होतं की मी रात्री जेवताना ती वही समोर उभी करून ठेवायचो. समोर कोणी असलं की जेवण बरं जातं.

चौथ्या शुक्रवारी गेलो तर तिन्ही गावं चिडीचूप. एका घरातही जातं वाजत नव्हतं. मी भिकाबाईच्या दारात गेलो. ती चुलीपुढे ज्वारी शिजवत होती.

"भिकाबाई, आज दळण नाही?"

"जातंच न्हाई आमच्याकडं," ती म्हणाली. तीन शुक्रवारांपूर्वी मी तिला त्याच कोपऱ्यात जात्यावर बघितलं होतं. तिथे आता एक शेळी बांधलेली होती.

"गेलं कुठं?"

"आमच्याकडं जातं नव्हतंच कवा."

उलगडा मला कचेरीत झाला. त्या वर्षी सरकारची धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, सुरू होती. घरात किती ज्वारी आहे हे सरकारपासून लपवण्यात सारा तालुका गुंतला होता. अशात कचेरीतला एक टोपीवाला दारोदार फिरून, गाणं म्हणायला लावून, बायकांना खुशीत आणून, शेवटी हळूच विचारतो की रोज किती दळता आणि खाणारी तोंडं किती! गावांनी सरळ हिशोब मांडला: रोजच्या दळणावरून सरकार वर्षाची ज्वारी काढणार. जाती कडब्याच्या गंजीत गेली, उकिरड्यात पुरली गेली, काही विहिरीत गेली. तीन गावं आठ दिवस शिजवलेल्या घुगऱ्या खात होती. जी जाती गिरणीलाही दाद देत नव्हती, ती माझ्या एका रकान्याने बंद पाडली.

गावकऱ्यांनी अर्जीही केली. 'एक इसम गाण्याच्या मिषाने रयतेची जाती मोजत आहे, सबब चौकशी व्हावी.' अर्जी आली की तिच्या तीन नकला करायच्या, असा कायदा आहे, आणि नकला करणारा तालुक्यात मी एकटा. स्वतःविरुद्धच्या अर्जीच्या तिन्ही नकला मीच केल्या. एका ठिकाणी त्यांनी मला 'वाळका व कावेबाज' म्हटलं होतं, तेही जसंच्या तसं उतरवलं. अक्षर चांगलं आलं.

तहसीलदारांच्या हाताखालच्या पेशकारसाहेबांनी बोलावलं. "मुन्शीजी, ये क्या तमाशा है? किसकी इजाज़त से?"

मी ओव्यांचं सांगितलं. देशाचा ठेवा सांगितला.

"औरतां चक्की पे गाते, वो लिखके पूना भेजते तुम?" माझ्यावर राजकारणाचा संशय घ्यावा की माझ्या डोक्याचा, हे त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी डोक्याचा घेतला. माणूस दयाळू होता. "बीवी गुज़र गई ना तुम्हारी? जाव. मगर देहात में काग़ज़-पेन्सिल लेके नक्को जाव." मी सलाम करून बाहेर आलो. त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं असं वाटत राहिलं.

मी वही कपाटात ठेवली. देशाच्या ठेव्याने माझ्याशिवाय जगायला शिकावं, असं ठरवलं. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी ग्यानबा दारात उभा. मंजुळाबाईचा मुलगा, लहानपणी आमच्याच ओसरीवर खेळलेला. आता चांगला मिशाळ झालेला.

"मुन्शीजी, तुमच्या पायी आमचं जातं इहिरीत गेलं," तो म्हणाला.

"कनेरगावला तर मी आलोही नव्हतो!"

"तुमी न्हाई आले, पन बातमी आली. म्या घाईघाईनं ढकललं. वरला दगूड फुटला. माय आठ दिस झाले माझ्या नावानं बोटं मोडून राहिली." मग जरा घुटमळून तो म्हणाला, "माय म्हनली, मुन्शीजीला इचार, बाईंचं जातं रिकामं असंल तर द्या म्हनावं."

मी शक्य तितक्या कोरडेपणाने विचारलं, "तुझी आई ओव्या सांगेल का?"

"तिला जात्याबिगर एक बी तोंडाला येत न्हाई. जातं आना, मंग बघा."

ठरलं. शुक्रवारी ग्यानबाच्या गाडीतून जातं न्यायचं. दोन वर्षं पडून असलेल्या जात्याची धार गेली होती, म्हणून टाकी लावणारीला बोलावलं. ती दिवसभर ओसरीवर छिन्नीने दगड टोचत बसली. मग मी जातं धुतलं, उन्हात ठेवलं. या सगळ्यावर नानांचा सल्ला चालूच होता: दोन्ही दगड वेगळे बांधा, मध्ये गोणपाट घाला, खालचा आधी चढवा, छे छे, वरचा आधी चढवा. गंगूताई मात्र काही न बोलता खिडकीतून बघत होत्या, आणि तेच मला जास्त भारी पडलं. कारण आमच्याकडे जातं धुऊन उन्हात कधी ठेवतात? घरात लग्नकार्य निघालं की. लग्नाच्या आधी जात्याला हळद लावून, सुपारी बांधून सवाष्णी दळायला बसतात. शुक्रवारी गाडी दारात आली तेव्हा गंगूताई हळदीची वाटी घेऊन हजर.

"मुलगी कोणत्या गावची?" त्यांनी विचारलं.

"कसली मुलगी, वहिनी?"

"लाजता काहून? चांगलं करून राहिले तुम्ही. एकट्या पुरुषाने किती दिवस भाकरी करपवायच्या?" असं म्हणून त्यांनी वरच्या दगडाला हळदीची पाच बोटं ओढली आणि खुंट्याला सुपारी बांधली. मी पुष्कळ सांगितलं. जितकं सांगितलं तितकी त्यांची खात्री पटत गेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हे बघून मी गाडीत चढून बसलो. माझं लग्न व्हावं असं जगात कुणाला तरी इतकं मनापासून वाटत होतं, हे मला माहीत नव्हतं.

कनेरगावला जकात नाका आहे, कारण पुढे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. ग्यानबाचं घर नाक्याच्या पलीकडच्या अंगाला, पण हद्दीच्या अलीकडे. नाक्यावर हिरासिंग नावाचा जवान होता, नियमाचा पक्का. त्याने गोणपाट उचललं.

"ये क्या माल है?"

"माल नाही. जातं."

"चक्की?" त्याने भिंतीवरची मालाची यादी वाचायला घेतली. तिच्यात कापूस होता, गूळ होता, मेंढरं होती, गिरणीचे सुटे भाग होते. जातं नव्हतं. हिरासिंगला ते फार लागलं. यादीत नसलेली वस्तू सोडावी कशी आणि अडवावी तरी कशी? "मशीन का पुर्ज़ा लिखूं?"

"हे घरातलं सामान आहे."

"घर का सामान घर में रहता. और ये हल्दी काहे को?" त्याने गाडीत आत डोकावून बघितलं. "दुल्हा किधर है?"

ग्यानबाने, मेल्याने, माझ्याकडे बोट दाखवलं.

मी गाडीतून उतरलो. सरकारी नोकर आहे असं सांगितलं. त्यावर हिरासिंगने ओळखपत्र मागितलं, ते कपाटात वहीखाली होतं. मग नाकेदार जेवून येईपर्यंत जातं खाली उतरवून ठेवण्याचा हुकूम झाला, आणि मी संतापाने, निषेध म्हणून, त्याच्यावर बसलो. हे ते दीड तास. नाकेदार आले, त्यांनी एक सोपा तोडगा काढला: "घर की चक्की है ना? चलाके बताव." भोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. मी मांडी घातली, खुंटा धरला आणि सगळा जोर लावून ओढलं. जातं जेमतेम अर्धा फेरा फिरलं, तेही उलटं. लोक इतके हसले की हिरासिंगलाही वळून उभं राहावं लागलं. अठरा वर्षं माझ्या उशाशी हे जातं फिरत होतं आणि ते कुठल्या बाजूला फिरतं एवढंही मी बघितलेलं नव्हतं.

"सरका," कुणीतरी म्हणालं. मंजुळाबाई. कुणी बातमी नेली कोण जाणे. केस सगळे पांढरे, पण आवाज तोच, भिंतीपलीकडचा. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती वाकली आणि तिने खुंट्यावर हात ठेवला. खुंट्याला लुगड्याच्या काठाची एक जुनी चिंधी गुंडाळलेली होती.

"हे अनसूयाबाईंचं जातं हाय," ती नाकेदाराला म्हणाली. "ही चिंधी म्याच बांधली. बाईंच्या हाताला फोड आल्ते तवा. आनखी काय लिवायचं तुमाला?"

नाकेदाराने जातं परत गाडीत चढवायला सांगितलं.

घरी गेल्यावर जातं मांडलं. ग्यानबाची बायको माहेरी गेलेली होती. मंजुळाबाईने सुपात ज्वारी घेतली आणि समोरची जागा दाखवली. "बसा."

"मी?"

"मंग कोन? एकटीनं म्या आता वढत न्हाई. आन् समोर कोनी नसलं तर म्हनायचं कुनाला?"

मी बसलो. टोपी काढून ठेवली. तिच्या हाताखाली, त्या चिंधीवर, माझे दोन्ही हात आले. खिशात कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. असती तरी तिसरा हात नव्हता. ग्यानबा दारात उभा राहून तोंड लपवत होता, त्याला तिने बैलांना पाणी पाजायला पिटाळलं. चार फेरे झाल्यावर माझे खांदे बोलायला लागले. पाचव्या-सहाव्याला जातं आपलं आपण फिरायला लागल्यासारखं वाटलं.

"मंजुळाबाई," मी खाली बघत म्हटलं, "ते... दौतीवाल्याचं काय होतं?"

"तुमाला सांगायचं न्हाई म्हनल्या व्हत्या."

"आता कुणाला कळणार आहे?"

"म्या सांगनार न्हाई. दळता दळता आलं तर येईल." आणि जात्यात दोन घास घालून तिने सूर धरला:

"दुनियेची अर्जी लिव्हतो, माझा कंथ दौतीवाला,
माझी अर्जी जात्यापाशी, येळ न्हाई वाचायाला."

मी हसलो. खरंच हसलो, कारण तक्रार रास्त होती आणि नेमकी होती, आणि इतक्या वर्षांनी का होईना ती माझ्यापर्यंत पोहोचली होती. एवढंच असेल तर ठीक आहे, असं मनाशी म्हटलं. याहून वाईट मी रोज पहाटे स्वतःला सांगत आलो होतो.

"मंग तुमी वरडले," मंजुळाबाई म्हणाली, "हळू दळा म्हनून. दुसऱ्या दिशी बाईंनी ह्ये जोडलं. मंग रोज ह्येच पैलं म्हनायच्या, कानात सांगितल्यावानी." आणि आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली:

"हळू फिर रं जातुल्या, कंथ माझा झोपलेला,
रातभर कागदानं, हात त्याचा दुखलेला."

माझे हात थांबले.

"थांबू नका," ती म्हणाली. "पीठ जाड येतंय."

मी ओढत राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता, आणि मंजुळाबाईने पिठाकडे बघण्यातच शहाणपणा मानला. सूप रिकामं होईपर्यंत तिने आणखी एकोणीस ओव्या म्हटल्या, भावाच्या, पंढरीच्या, सासूच्या. निघताना तिने त्याच पिठाची एक भाकरी बांधून दिली. जातं मी तिथेच ठेवलं. ते तिचंच जास्त होतं.

वाशिमकडून येणाऱ्या एका लॉरीने संध्याकाळी घरी परतलो. जातं होतं त्या जागी जमिनीवर गोल खूण होती, आजूबाजूची जमीन सारवून सारवून उंच झालेली आणि मध्ये बोटभर खोल. गंगूताईंनी दारात येऊन माझ्यामागे कुणी उतरतंय का ते बघितलं आणि परत गेल्या. मी भाकरी खाल्ली, वही काढली आणि आठवतील तशा ओव्या उतरवायला लागलो. सत्तेचाळिसाव्यापाशी हात चालला नाही. अठ्ठेचाळिसाव्यापाशीही नाही. मग ते दोन क्रमांक सोडून एकोणपन्नासपासून सदुसष्टपर्यंत सगळ्या लिहून काढल्या, आणि वही पुण्याला पाठवून दिली.

महिन्याने मंडळाचं पत्र आलं. अक्षराची तारीफ होती. पुढे लिहिलं होतं, 'क्रमांक ४७ व ४८ कोरे राहिले आहेत. सोबत ते पान परत पाठवीत आहोत, कृपया पूर्ण करून पाठवावे. तसेच आठवा रकाना आमच्या नमुन्यात नाही, तो खोडावा.'

सव्वीस वर्षांत माझ्या हातून एकही ओळ सुटल्याची तक्रार आली नव्हती. मी पान समोर घेतलं आणि दौत उघडली. दोन्ही क्रमांकांपुढे गाव लिहिलं, हिंगोली. गाणारीचं नाव लिहिलं, अनुसूया विश्वंभर. वय लिहिलं. ओवीच्या जागी काही लिहिलं नाही. आठवा रकाना खोडला नाही. त्यात, सवयीने, हात कुठेही न अडखळता लिहिलं: 'अर्जी मुदतीनंतर पोहोचली, सबब दाखल करता येत नाही.'